रक्तगट बदललेली किडनी: बातमीत काय आहे आणि आज आपल्या हाती काय आहे

ऑक्टोबर 2025 मध्ये 'नेचर बायोमेडिकल इंजिनिअरिंग' या वैज्ञानिक नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ए रक्तगटाच्या दात्याची किडनी एन्झाइमने धुऊन ओ गटासारखी केली आणि ओ गटाच्या माणसाच्या शरीरात बसवली, असा तो प्रयोग. वर्तमानपत्रांतून ती बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर आली तोवर तिचे एकच वाक्य उरले होते: आता किडनीसाठी रक्तगट जुळण्याची गरज नाही.

ज्या घरातले कोणी आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिसला जाते, त्या घरात असे वाक्य कसे वाचले जाते हे मला ठाऊक आहे. खारदांड्यातल्या माझ्या दवाखान्यात गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला. "डॉक्टर, माझा ए आहे, ह्यांचा ओ. तेव्हा आम्हाला नाही म्हणून सांगितलं. आता चालेल का?"

आज तरी नाही. मी जनरल प्रॅक्टिस करणारा डॉक्टर आहे, प्रत्यारोपणाचा तज्ज्ञ नाही. पण मोठ्या रुग्णालयातून बाहेर पडलेले कुटुंब उरलेले प्रश्न घेऊन आमच्याकडेच येते, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे. संशोधन खरे आहे आणि महत्त्वाचेही आहे. फक्त ते नेमके कोणाच्या उपयोगाचे, कोणाच्या नाही आणि कधी, हे कळायला रक्तगट म्हणजे काय तिथपासून सुरुवात करावी लागते. घरात बारावीचे किंवा बीएस्सीचे कोणी असेल तर त्यालाही हे वाचायला द्या. त्याच्या जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकातला एक रूक्ष धडा इथे कामाला आला आहे.

पेशीवरची साखर

रक्तगट रक्तात 'असतो' असे आपण म्हणतो. खरे तर तो पेशींच्या पृष्ठभागावर असतो आणि तो साखरेचा बनलेला असतो. चहात घालतो ती साखर नव्हे, तिच्या नात्यातले रेणू. लाल पेशीच्या बाहेरच्या बाजूला साखरेच्या रेणूंच्या छोट्या छोट्या साखळ्या उभ्या असतात. बहुतेक सर्व माणसांत या साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची एक साखर जोडलेली असते. या रचनेला 'एच' म्हणतात. हा झाला पाया.

ज्यांचा गट ओ, त्यांच्यात साखळी एचवरच थांबते. ए गटाच्या लोकांत एचवर आणखी एक साखर चढते, तिचे नाव एन-असिटिल-गॅलॅक्टोसमाइन. बी गटात त्या जागी गॅलॅक्टोज चढते. एबीमध्ये दोन्ही. फरक एवढाच. ए आणि बी बनवणारी एन्झाइम, म्हणजे मराठी पाठ्यपुस्तकांतली विकरे, 354 अमिनो आम्लांची असतात आणि एकमेकांपासून त्यांतल्या जेमतेम 4 ठिकाणी वेगळी असतात. ओ गटाच्या बहुतेकांत त्याच जनुकातले एक अक्षर गळालेले असते, त्यामुळे एन्झाइम कामाचे तयारच होत नाही.

आता गोम अशी, की जी साखर आपल्या अंगावर नाही तिच्याविरुद्ध आपले शरीर लहानपणापासूनच प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार करून ठेवते. आतड्यातल्या जिवाणूंवर अशाच साखरा असतात. त्यांच्याशी गाठ पडून ही तयारी होते असे मानले जाते. म्हणून ओ गटाच्या माणसात ए आणि बी या दोन्हींविरुद्धची प्रतिपिंडे असतात. एबीच्या माणसात यांपैकी एकही नसते.

याच साखरा किडनीतल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरही असतात, हे बहुतेकांना माहीत नसते. ए गटाची किडनी कसलीही तयारी न करता ओ गटाच्या माणसाला लावली, तर त्याची प्रतिपिंडे त्या अस्तराला चिकटतात, वाहिन्यांमध्ये गुठळ्या होतात आणि काही मिनिटांत किंवा तासांत किडनी काळीनिळी पडते. याला अतितीव्र नकार म्हणतात. "रक्तगट जुळत नाही" असे डॉक्टर सांगतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर हे चित्र असते.

कात्री कुठून आली

एन्झाइम साखर जोडते, तसे दुसरे एखादे एन्झाइम ती कापूही शकते. मग बीची टोकाची साखर कापली तर ओ उरेल, हा विचार जुना आहे. न्यूयॉर्क ब्लड सेंटरच्या जॅक गोल्डस्टीन यांनी 1982 मध्ये चक्क कॉफीच्या बियांतल्या एन्झाइमने बी गटाच्या लाल पेशींचे ओमध्ये रूपांतर करून दाखवले आणि तशा पेशी थोड्या प्रमाणात माणसांना देऊनही पाहिल्या. तत्त्व सिद्ध झाले. अडचण होती ती प्रमाणाची: एन्झाइम खूप लागायचे, वेळही लागायचा. शिवाय ए गटाला लागू पडेल अशी चांगली कात्री हाती नव्हती.

तिचा शोध पुढे जिवाणूंमध्ये लागत गेला. आपल्या आतड्याच्या आतल्या श्लेष्म्यावरही ए, बी, एच याच साखरा असतात आणि काही जिवाणू त्या खाऊन जगतात. म्हणजे ज्या कात्रीसाठी प्रयोगशाळा धडपडत होत्या ती आपल्या पोटातच होती. 2019 मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात स्टीफन विदर्स यांच्या गटाने माणसाच्या विष्ठेतल्या जिवाणूंचे डीएनए चाळून 'फ्लेवोनिफ्रॅक्टर प्लॉटी' या जिवाणूची एन्झाइमची एक जोडी शोधली. पहिले एन्झाइम एच्या टोकाच्या साखरेवरचा असिटिल हा छोटा भाग काढते, दुसरे मग ती साखर साखळीपासून तोडते. जोडी इतकी कार्यक्षम होती की थोडेसे एन्झाइमही पुरत होते. 2024 मध्ये डेन्मार्कचे तांत्रिक विद्यापीठ आणि स्वीडनचे लुंड विद्यापीठ यांच्या संशोधकांनी 'अ‍ॅकरमान्सिया म्यूसिनिफिला' या दुसऱ्या आतड्यातल्या जिवाणूची एन्झाइम वापरली. ए आणि बीच्या नेहमीच्या साखळ्यांखेरीज काही लांब, विस्तारित साखळ्याही पेशींवर असतात आणि त्याही कापल्या तर रक्त अधिक चांगले जुळते, असे त्यांना दिसले. त्यांच्या हातीही बीचे काम सोपे आणि एचे अवघड, असाच अनुभव आला.

रक्ताच्या पिशवीपेक्षा अवयवात हे करणे एका अर्थी सोयीचे आहे. दात्याच्या शरीरातून काढलेली किडनी हल्ली काही ठिकाणी यंत्रावर ठेवतात आणि तिच्यातून द्रव फिरवत राहतात. त्याच द्रवात एन्झाइम घातले की काही तासांत वाहिन्यांच्या अस्तरावरची साखर कापली जाते, मग एन्झाइम धुऊन टाकायचे. टोरांटोच्या गटाने 2022 मध्ये ए गटाच्या फुप्फुसांवर हे करून दाखवले. केंब्रिजमध्ये बी गटाच्या किडन्यांवर. हे सगळे शरीराबाहेर चालले होते. माणसाच्या शरीरात बसवलेली अशी किडनी काय करते, हा प्रश्न बाकी होता.

तीन दिवसांची गोष्ट

चीनमधल्या चोंगचिंग इथे तो प्रयोग झाला. ज्याला किडनी बसवली तो माणूस मेंदूमृत होता आणि कुटुंबाच्या संमतीने त्याचे शरीर यंत्रांच्या आधारावर ठेवलेले होते. बातम्यांमधून नेमकी हीच गोष्ट गळाली. हा रुग्ण बरा होऊन घरी गेलेला नाही. कोणत्याही जिवंत माणसाचा जीव धोक्यात न घालता पहिला प्रश्न विचारण्याची ती पद्धत होती. त्या कुटुंबाचे ऋण मोठे आहे.

त्याचा रक्तगट ओ होता आणि रक्तात एविरुद्धची प्रतिपिंडेही भरपूर होती. ए गटाची, पण एन्झाइमने ओसारखी केलेली किडनी बसवल्यावर पहिले दोन दिवस ती चालली. अतितीव्र नकार आला नाही. तिसऱ्या दिवशी किडनीवर ए साखर पुन्हा दिसू लागली आणि तिच्याबरोबर प्रतिपिंडांमुळे होणारी इजाही.

साखर का परतली, हे वरचे वाचल्यावर ध्यानात येईल. एन्झाइमने टोकाची साखर कापली, पण किडनीच्या पेशींतले जनुक ए गटाचेच राहिले. पेशी जिवंत आहे, ती आपल्या जनुकाप्रमाणे नवी साखर बनवणार. भिंतीवरचा रंग खरवडून काढला तरी घरात रंगाचा डबा आणि रंगारी दोघे आहेत, तसेच. तेव्हा 'रक्तगट बदलला' हा शब्दप्रयोग ढिला आहे. रक्तगट काही दिवसांपुरता झाकला गेला, एवढेच खरे. आणि झाकला गेला तो किडनीचा. रुग्णाचा स्वतःचा गट होता तसाच राहिला.

मग याचा उपयोग काय? उपयोग आहे, कारण पहिले काही दिवस सर्वांत घातक असतात. रक्तगट न जुळणाऱ्या प्रत्यारोपणाचा जगात अनेक वर्षांचा अनुभव आहे. सुरुवातीचा काळ किडनीने निभावला, तर पुढे तिच्यावर साखर आणि रक्तात प्रतिपिंडे दोन्ही असूनही ती टिकते, असे त्यात दिसले आहे. या सवय होण्याला डॉक्टर मंडळी 'अकोमोडेशन' म्हणतात. चोंगचिंगच्या किडनीतही अशा जुळवणीच्या खुणा जनुकांच्या पातळीवर आढळल्या, असे संशोधकांनी नोंदवले आहे. पण एक माणूस आणि तीन दिवस यावरून वर्षांचा हिशेब मांडता येत नाही. जिवंत रुग्णांवरच्या चाचण्या व्हायच्या आहेत आणि त्या पार पडल्याशिवाय कोणतेही रुग्णालय हे देऊ शकत नाही.

मग न जुळणाऱ्या गटाचे प्रत्यारोपण आज होते ते काय?

हा प्रश्न रास्त आहे. मुंबईत, पुण्यात आणि देशातल्या इतरही मोठ्या केंद्रांत रक्तगट न जुळणारी प्रत्यारोपणे होतात. त्यात तयारी करतात ती रुग्णाची. बी पेशींवर काम करणारे रिटुक्सिमॅब हे इंजेक्शन आधी देतात, प्लाझ्मा बदलून किंवा विशेष गाळणीतून रक्त फिरवून प्रतिपिंडे खाली आणतात, पातळी पुरेशी उतरली की शस्त्रक्रिया. चांगल्या केंद्रांत निकाल समाधानकारक असतात. खर्च मात्र काही लाखांनी वाढतो आणि पहिल्या महिन्यांत जंतुसंसर्गाचा धोका अधिक असतो. यासाठी दिवस, आठवडे लागतात, म्हणून ते घरातला जिवंत दाता तयार असेल तरच जमते. मेंदूमृत दात्याची किडनी मिळाली तर हातात तास असतात. दोन आठवड्यांची तयारी कुठून करणार?

नव्या पद्धतीत तयारी रुग्णाची होत नाही, अवयवाची होते, तीही काही तासांत. माझ्या मते या संशोधनाचा खरा गाभा हा आहे. त्याचा मोठा फायदा मेंदूमृत दात्यांकडून येणाऱ्या अवयवांना आणि ओ गटाच्या रुग्णांना व्हावा. ओ गटाचा रुग्ण फक्त ओची किडनी घेऊ शकतो, म्हणून जगभर त्याची प्रतीक्षा लांब असते.

आणि इथेच आपला आणि पाश्चात्त्य देशांचा हिशेब वेगळा होतो. 2023 मध्ये भारतात सर्व अवयव मिळून 18 हजारांहून अधिक प्रत्यारोपणे झाली, पण मृत्यूनंतर अवयव देणारे दाते सुमारे 1,100 होते. बाकी भार जिवंत नातेवाइकांनी उचलला. मेंदूमृत दात्यांच्या किडन्यांसाठी बनलेले तंत्र, जिथे असे दाते इतके थोडे आहेत तिथे आपोआप चमत्कार घडवणार नाही. एन्झाइम किडनीचा गट झाकू शकेल. किडनी निर्माण करू शकणार नाही. दुसरे, आपल्याकडच्या रक्तपेढ्यांत ओ आणि बी हे दोन्ही गट प्रत्येकी साधारण एक तृतीयांश भरतात. युरोपात ए जास्त, बी कमी. त्यामुळे तिकडचा भर एची कात्री शोधण्यावर असणे साहजिक आहे. आपल्याला बीची कात्रीही तितकीच हवी आणि सुदैवाने तीच त्यातल्या त्यात सोपी आहे.

एक गोष्ट शोधनिबंधात नाही, पण दवाखान्यात बसून दिसते. आपल्याकडे जिवंत दात्यांत बायकांचे प्रमाण फार मोठे आहे: आई, बायको, बहीण. सासरच्या चार माणसांसमोर "मला द्यायची नाही" असे म्हणणे एखाद्या बाईला अशक्य असते, तिथे "गट जुळत नाही" ही तिची एकुलती एक सुटका असते. उद्या गटाची अट खरोखरच गळून पडली तर ही आडही जाईल. दात्याला एकटे भेटून, घरच्यांना बाहेर बसवून विचारण्याचे काम तेव्हा आजच्यापेक्षा जास्त काळजीने करावे लागेल. हे मी तंत्राच्या विरोधात म्हणत नाही.

ज्या गटाला आपल्या शहराचे नाव आहे

या साऱ्या चर्चेत मुंबईकराला एक गट विसरता येत नाही. 1952 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत सापडलेल्या काही माणसांची माहिती दिली. तपासणीत ही माणसे ओ गटाची वाटत, पण कोणत्याही ओ दात्याचे रक्त त्यांना जुळत नव्हते. त्या निबंधाच्या लेखकांत सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया होते, तसेच मॉर्गन आणि वॉटकिन्स हे ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञही होते. रक्तगटांची साखरेची रचना उलगडण्यात या दोघांचा मोठा वाटा आहे. पुढे जगाने या गटाला 'बॉम्बे' हेच नाव दिले. शहराचे नाव बदलले, गटाचे राहिले.

वर 'पाया' म्हणून ज्या एचचा उल्लेख केला, तो पायाच या लोकांत नसतो. फ्यूकोज जोडणारे एन्झाइम ज्या जनुकावरून बनते, त्यात आई आणि वडील दोघांकडून दोष आलेला असतो. एच नाही म्हणून त्यावर ए किंवा बीही चढू शकत नाही, जनुके असली तरी. आणि एच अंगावर नसल्याने शरीर एचविरुद्धही प्रतिपिंडे बनवते. ओ रक्तावर तर एच भरपूर! म्हणून ज्या ओला आपण सर्वांना चालणारे रक्त समजतो, ते बॉम्बे गटाच्या माणसासाठी विष ठरते. युरोपात हा गट दहा लाखांत एखाद्याचा. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा, आणि मुंबई परिसरात त्याहून थोडा अधिक.

आता नव्या तंत्राकडे परत पाहा. एन्झाइम ए कापते तेव्हा खाली उघडा पडतो तो एचच. म्हणजे 'ओ केलेली' किडनी किंवा 'ओ केलेले' रक्त बॉम्बे गटाच्या रुग्णाला तितकेच परके. 'सर्वांना चालणारे' हे विशेषण बातमीत वाचाल तेव्हा या गटाला त्यातून वगळा. त्यांना आजही त्यांच्याच गटाचा दाता शोधावा लागतो. मे 2024 मध्ये शिर्डीहून एक दाता गाडी करून इंदूरला गेला, कारण तिथे एका तरुण स्त्रीला बॉम्बे गटाचे रक्त हवे होते. आलेल्या बातम्यांनुसार तिला आधी दुसरीकडे शस्त्रक्रियेच्या वेळी ओ पॉझिटिव्ह रक्त दिले गेले होते आणि त्याचा परिणाम तिच्या किडन्यांवरही झाला होता. गट नीट न ओळखल्याने किडनी जाऊ शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला देता येणार नाही.

हा गट नेहमीच्या तपासणीत निसटतो, पण पकडता येतो. पूर्ण तपासणीत लाल पेशींबरोबर रुग्णाचा सीरमही तपासतात आणि त्यात ओ पेशी घालून पाहतात. बॉम्बे गटाचा सीरम ओ पेशींनाही गोळा करतो. पुढे एचविरुद्धच्या द्रावणाने खात्री होते. रक्तपेढीतून "तुमच्या पेशंटला एकही ओ पिशवी क्रॉसमॅचमध्ये जुळत नाही" असा निरोप आला, तर 'जुळणारी एखादी शोधा' म्हणून रक्तपेढ्यांच्या दारोदार फिरू नका. हा गट तपासला का, असे आधी विचारा. केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची एनआयआयएच ही संस्था आहे. दुर्मिळ रक्तगटांचे काम तिथे चालते, रक्तपेढीमार्फत नमुना तिकडे पाठवता येतो. रुग्ण बॉम्बे निघाला तर सर्वांत आधी सख्ख्या भावंडांची तपासणी करा. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक भावंडाचा गट तोच असण्याची शक्यता चारात एक असते. नात्यात लग्ने झालेल्या कुटुंबांत ही शोधाशोध जरा रुंद करावी.

तुमच्या घरी किडनीचा रुग्ण असेल तर

एन्झाइमची वाट पाहत दात्याची तपासणी लांबवू नका. डायलिसिसवर काढलेल्या प्रत्येक वर्षाची किंमत हृदय आणि रक्तवाहिन्या मोजतात. दाता तयार आहे पण गट जुळत नाही, अशा कुटुंबापुढे आज दोन वाटा आहेत. एक वर सांगितली, रुग्णाची तयारी करून प्रत्यारोपण. दुसरी अदलाबदलीची. 2011 मध्ये अवयव प्रत्यारोपण कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशी अदलाबदल कायदेशीर झाली. एका घरात नवरा ए, बायको बी. दुसऱ्या घरात उलटे. तर दोन्ही बायका एकमेकींच्या नवऱ्यांना किडनी देतात, दोन्ही शस्त्रक्रिया बहुधा एकाच वेळी होतात. पैशांचा व्यवहार यात नसतो, असूही शकत नाही. ओ गटाच्या रुग्णाला मात्र या वाटेनेही जोडी मिळणे कठीण जाते, कारण ओ गटाचा दाता ज्या घरात असतो ते घर सहसा थेट आपल्याच माणसाला देऊन मोकळे होते. तरी नाव नोंदवून ठेवावे. दोन्ही गोष्टींची चौकशी प्रत्यारोपण केंद्राच्या समन्वयकाकडे करा, समन्वयक हा तिथला ठरलेला माणूस असतो.

त्याच भेटीत विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीच्या, म्हणजे झेडटीसीसीच्या यादीत नाव गेले आहे का, हेही विचारा. ही नोंद रुग्णालयामार्फतच होते. घरात दाता शोधणे सुरू असले तरी ती करता येते, आणि बरीच कुटुंबे फक्त कोणी सांगितले नाही म्हणून ती करत नाहीत.

रक्त चढवण्याबाबत एक सूचना. किडनीच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन कमी असतेच. प्रत्यारोपणाचा विचार असेल तर प्रत्येक पिशवीबरोबर परक्या पेशींची ओळख शरीराला होते आणि त्यांच्याविरुद्ध नवी प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. ही एबीओ गटाची नसतात, एचएलए नावाच्या दुसऱ्या खुणांविरुद्धची असतात. गट जुळूनही किडनी नाकारली जाते ती पुष्कळदा यांच्यामुळे, आणि यांवर वरच्या एन्झाइमचा काहीही इलाज चालत नाही. म्हणून शक्य तिथे लोह आणि एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनांनी हिमोग्लोबिन वाढवतात. जीव वाचवण्यासाठी रक्त लागले तर ते द्यावेच लागते, तिथे हट्ट करू नका. पण "थोडा अशक्तपणा आहे, एक बाटली चढवून टाकू" असे कोणी सहज म्हटले, तर प्रत्यारोपणाचा विचार सुरू असल्याचे त्या डॉक्टरांना सांगा.

शेवटी, रक्तगट बदलणारी गोळी, काढा किंवा इंजेक्शन कुठेही नाही. या संशोधनाचे नाव घेऊन कोणी आगाऊ पैसे किंवा 'परदेशी ट्रीटमेंटसाठी बुकिंग' मागितले तर ती फसवणूक समजा. औषधांच्या खऱ्या चाचण्यांत रुग्णाकडून चाचणीच्या उपचाराचे पैसे घेत नाहीत, आणि भारतातल्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. नाव सापडत नसेल तर तो कागद तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टला दाखवा, नाहीतर तुमच्या फॅमिली डॉक्टरला. सही त्यानंतर.